सगळ्या बॅचने उतरवलेली केस

मानसोपचार विभागाची जर्नलं माझ्या काउंटरवर यायचं कारण अगदी साधं होतं. विभागाकडे ती ठेवायला जागा नव्हती. मुलांचं पोस्टिंग संपलं की सह्या झालेल्या जर्नलांचा गठ्ठा त्यांचा शिपाई लायब्ररीत आणून टाकायचा आणि मुलं एकेक करून घेऊन जायची. देण्याआधी त्या मुलाकडे आमचं पुस्तक बाकी नाही ना, हे पाहून मी पहिल्या पानावर शिक्का मारायचो. माझा संबंध एवढाच.

मी डॉक्टर नाही. दादरच्या एका रात्र-महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावर नवी मुंबईतल्या या मेडिकल कॉलेजात करारावर लागलो. राहतो नेरूळला. नाव श्यामसुंदर, पण मुलं काका म्हणतात. पुढे लिहिलंय त्यात वैद्यकातलं काही चुकलं असेल तर ती चूक माझी समजावी.

फेब्रुवारीतली दुपार होती. वाचनकक्षात फारसं कोणी नव्हतं. शिक्के मारता मारता एक जर्नल हातातून निसटलं आणि जमिनीवर उघडं पडलं. कुलदीपचं होतं, तिसऱ्या वर्षाच्या सीआरचं, म्हणजे वर्गप्रतिनिधीचं. उघडं पडलेलं पान वाचल्याशिवाय मिटवता येत नाही ही माझी जुनी खोड. मी वाचलं. मूळ इंग्रजीत होतं, मला जमेल तसं मराठीत देतो.

‘केस क्रमांक तीन. वय एकवीस, पुरुष, विद्यार्थी. स्वतःहून आला. माहिती देणारा: रुग्ण स्वतः. माहिती विश्वासार्ह. गेल्या तीन महिन्यांपासून झोप नाही. पहाटे जाग येते, मग लागत नाही. जेवणाला चव नाही. वाचलेलं लक्षात राहत नाही. रुग्ण वाचनालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत तिथे बसतो, कारण खोलीत असला की रूममेट काय झालं म्हणून विचारतो. दिवसभरात एकच पान वाचतो. खांबाजवळची ट्यूबलाइट फडफडते म्हणून त्या टेबलावर कोणी येत नाही. रुग्ण तिथेच बसतो. आपण नसतो तर घरच्यांचं ओझं उतरलं असतं, असं त्याला वाटतं.’

मी मान वर केली. खांबाजवळची ट्यूब फडफडत होती. तिच्याबद्दल मी मेंटेनन्सला दोनदा लिहून दिलं होतं. खालच्या टेबलावर एक काळी बॅग आणि मिटलेलं पुस्तक होतं. माणूस जागेवर नव्हता.

मग मी दुसरं जर्नल उघडलं. त्यातही केस क्रमांक तीन हीच होती. तिसऱ्यातही, चौथ्यातही. गठ्ठ्यात चौतीस जर्नलं होती आणि चौतिसांत हीच केस. कोणी वाचनालयाचं ऑफिस केलं होतं, कोणी घाईत ट्यूबलाइट गाळली होती. एका मुलीने रुग्ण बाई केली होती, पण पुढे सगळीकडे ‘तो’च राहिला होता. प्रत्येक पानावर मानसोपचाराच्या वैजयंती मॅडमची लाल सही होती आणि शेजारी शेरा: ‘गुड.’ ‘रुग्णाचा इतिहास छान घेतला आहे.’

सगळ्यात खाली संघर्षचं जर्नल होतं. अक्षर छापल्यासारखं. ज्यावरून बाकीच्यांनी उतरवलं ते हेच, याबद्दल मला शंका उरली नाही, कारण त्यात एक ओळ जास्त होती. ती कुठल्याच मथळ्याखाली बसत नसल्यामुळे बाकीच्यांनी सोडून दिली असावी. ‘रुग्णाने विचारले की ओपीडीत येणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे कॉलेजला कळतात का.’ त्या ओळीखाली मॅडमनी लाल रेघ मारून लिहिलं होतं: ‘हे लिहायची गरज नाही.’

खांबाजवळच्या त्या टेबलावर संघर्षच बसायचा.

यानंतर मी चार दिवस काही केलं नाही. ते का, याचं बरं उत्तर माझ्याकडे नाही. मला वाटलं, खरंच असा पेशंट वॉर्डात असेल आणि त्याला बसायला ट्यूबखालचं टेबल द्यायचं हे संघर्षने आपल्या मनाने घातलं असेल. मला वाटलं, मी पुस्तकं वाचून माणसं ओळखल्याचा आव आणणारा माणूस, माझा अंदाज आजवर किती वेळा बरोबर आला? चार दिवस तो मुलगा माझ्या समोर वीस पावलांवर बसला होता आणि मी कॅटलॉगची कार्डं लावत होतो. पान उलटताना मी त्याला एकदाही पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी कुलदीप जर्नल न्यायला आला. मी शक्य तितक्या सहज विचारलं, “काय रे, ही तीन नंबरची केस तुम्ही सगळ्यांनी घेतली?”

तो हसला. “काका, तुम्ही वाचता पण? बाप रे. मॅडम पण नाही वाचत.”

“म्हणजे सगळ्यांनी एकच पेशंट पाहिला?”

“पेशंट कोण बघतो काका! डिप्रेशनची केस पाहिजे होती आणि वॉर्डात सगळे दारूवाले. सबमिशन उद्या. संघर्षची रेडी होती. बॅचने छापली.” त्याने आवाज खाली आणला. “पण मानलं पाहिजे भावाला. काय बनवलीय केस! ते ट्यूबलाइट वगैरे. एकदम रिअल वाटते ना?”

“त्याने बनवली असं तो म्हणाला?”

“विचारलं कोणी?” कुलदीपने जर्नल बॅगेत कोंबलं. “शिक्का मारा ना काका, लेक्चर आहे.”

त्या संध्याकाळी वाचनकक्ष बंद करायच्या वेळी मी खांबापाशी गेलो. संघर्ष बॅग भरत होता. उंच, काटक मुलगा, शर्टाची कॉलर आता सैल पडत होती. मी काय बोलायचं ते तीन वेळा मनात म्हणून आलो होतो आणि तोंडातून निघालं ते भलतंच. “तुझ्याकडे फार्माकॉलॉजीचं पुस्तक आहे. तारीख उलटलीय.”

“उद्या देतो काका.”

“नाही, ठेव. घाई नाही.” मी उभाच राहिलो. मग म्हणालो, “तुझं जर्नल मी वाचलं. तुला न विचारता वाचलं, चुकलंच माझं. तिसरी केस.”

त्याचे हात थांबले. तो बॅगेकडेच बघत होता.

“तेहतीस जणांनी वाचली ती,” तो म्हणाला. “उतरवून काढली. एकाने विचारलं, अनहेडोनिया, म्हणजे कशातच आनंद न वाटणं, त्याचं स्पेलिंग काय. बस. मॅडमनी सही केली. मी मॅडमकडे जर्नल द्यायला गेलो ना, तेव्हा मला वाटलं होतं, आता वाचतील आणि बोलावतील. दोन दिवस फोन हातात धरून बसलो होतो.” तो हसल्यासारखा झाला. “इतिहास छान घेतला आहे म्हणे.”

आम्ही खाली टपरीवर गेलो. चहा त्याने प्यायला नाही, कप नुसता धरून ठेवला. थोडं थोडं करून त्याने सांगितलं. वडील पोपटराव एपीएमसी मार्केटात कांदा-बटाटा विभागात माथाडी. मूळ परभणीकडचे. घर तुर्भ्याला. वस्तीतून डॉक्टरकीला गेलेला हा पहिला. प्रवेश मिळाला तेव्हा विहारात सत्कार झाला होता, त्याचा फोटो अजून घरात दारासमोर आहे. पहिली दोन वर्षं नीट गेली. डिसेंबरच्या इंटर्नल परीक्षेत दोन विषयांत बसला, म्हणजे नापास झाला.

“बसला तर बसला,” मी म्हणालो. “किती मुलं बसतात.”

“बाकीचे बसले तर ते एकटे बसतात काका. मी बसलो की म्हणतात, बघा, कोट्यातले असेच. मेसमध्ये एकाने म्हटलं, मी मागच्याच टेबलावर होतो. म्हणजे माझ्याबरोबर अख्खी वस्ती नापास होते.”

“घरी सांगितलंस?”

“बाबांना वाटतं मी पहिला येतो.”

मी विचारलं, मॅडमकडे सरळ का गेला नाहीस. त्याने माझ्याकडे पाहिलं ते कीव केल्यासारखं. ओपीडीत केसपेपर काढायचा म्हणजे खिडकीवर नाव सांगायचं. मग बाकावर बसायचं, मग बाहेर येऊन नाव मोठ्याने पुकारतात. आत पहिल्या टेबलावर इंटर्न असतो, म्हणजे हॉस्टेलमधलाच कोणी सीनिअर, तो सगळं लिहून घेतो. जेवणाच्या वेळेपर्यंत मेसला कळलेलं असतं. वाशीत बाहेर दाखवायला जावं तर तिथेही संध्याकाळी आपलेच सर बसतात. एकदा त्याने कुठल्याशा हेल्पलाइनला फोन केला होता. बराच वेळ संगीत वाजलं, मग एका बाईंनी शिक्षण विचारलं. एमबीबीएस म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग तुम्हाला तर सगळं माहीतच असेल.

“माहीत आहेच,” संघर्ष म्हणाला. “सगळं माहीत आहे. औषधांची नावं, डोस, सगळं. माहीत असून काय करायचं?”

तेव्हा मी ते बोललो. आधी विचार केला असता तर बोललो नसतो. म्हणालो, “केसपेपर माझ्या नावाने काढू. सत्तरीतला एकटा माणूस, झोप लागत नाही, कोणालाही खरं वाटेल. तू माझ्याबरोबर नातेवाईक म्हणून ये. आत गेल्यावर मी गप्प बसतो, तू बोल.”

त्याने कप खाली ठेवला. “मंगळवारी मॅडम स्वतः असतात,” तो म्हणाला.

आणखी एक गोष्ट त्याने माझ्याकडून कबूल करून घेतली. त्याच्या घरी कळवायचं नाही. मी हो म्हणालो. हो म्हटलं नसतं तर तो आला नसता, असं मी अजूनही स्वतःला सांगतो.

मंगळवारी साडेनऊला मी खिडकीवर माझं नाव, वय सांगितलं. ओपीडीच्या बाकांवर गर्दी होती. एक बाई नवऱ्याला धरून बसली होती, तो हातातल्या पिशवीचे बंद सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. संघर्ष माझ्या शेजारी सरळ बसला होता, अंगात ॲप्रन नाही, हातात माझी कापडी पिशवी. येणाऱ्या जाणाऱ्या मुलांना तो ‘काकांबरोबर आलोय’ म्हणून सांगत होता. अगदी सहज. मला ते जमलं नसतं.

“श्यामसुंदर! श्यामसुंदर कोण?” दारातून हाक आली.

पहिल्या टेबलावर इंटर्न वैदेही होती. मला ओळखणारी, दोन वर्षं लायब्ररीत पुस्तकं बदलणारी मुलगी. “अय्या काका, तुम्ही?” ती म्हणाली आणि लगेच आवाज मऊ केला. “बसा ना. सोबत कोण? अरे, संघर्ष! तुझे कोण काका?”

“कोणी नाही. एकटे असतात म्हणून आलो.”

“सो स्वीट यार,” वैदेही म्हणाली. “शिका रे कोणीतरी याच्याकडून.” तिने कागदावर लिहिलं: सोबत, परिचित.

आत वैजयंती मॅडम होत्या. पन्नाशीच्या, केस मागे घट्ट बांधलेले, समोर फायलींची चळत. वैदेही माझा कागद घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. ती आत येईल हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. संघर्षने तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की आता हा बोलणार नाही.

“बोला काका. काय त्रास होतो?” मॅडम म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या उजवीकडून संघर्षचा आवाज आला, वर्गात उभं राहून केस सांगावी तसा, स्वच्छ, न अडखळता.

“मॅडम, काकांना तीन महिन्यांपासून झोप नाही. अर्ली मॉर्निंग अवेकनिंग आहे. भूक कमी, वजन सहा-सात किलो उतरलंय. कॉन्सन्ट्रेशन नाही. पूर्वी आवडायचं त्यातलं काही आवडत नाही. सकाळी जास्त वाईट वाटतं, संध्याकाळी जरा कमी. हॅल्युसिनेशन नाहीत. दारू नाही, तंबाखू नाही. फॅमिली हिस्ट्री नाही.”

“वा,” मॅडम म्हणाल्या. “छान सांगितलंस. पोस्टिंग झालंय वाटतं. रोल नंबर?” त्या लिहीत होत्या. मग पेन थांबवून त्या माझ्याकडे वळल्या. “काका, एक विचारते. सगळ्यांनाच विचारते, राग मानू नका. कधी असं मनात येतं का, की आता जगू नये? स्वतःला संपवावं?”

उत्तर मला माहीत नव्हतं. टपरीवर मी ते विचारलं नव्हतं, विचारायचं धाडस झालं नव्हतं. माझ्या नावाच्या कागदावर त्याच्या जिवाचा प्रश्न होता आणि हो म्हणावं की नाही म्हणावं हे मी ठरवायचं होतं. नाही म्हणालो असतो तर गोळ्या लिहून मिळाल्या असत्या आणि आम्ही दोघं बाहेर आलो असतो.

मी संघर्षकडे पाहिलं. तो माझ्या कापडी पिशवीकडे बघत होता.

“काका?” मॅडम म्हणाल्या.

“हो,” संघर्ष म्हणाला.

“तू नको सांगूस, त्यांना सांगू दे.”

“हो, मॅडम. येतं. रोज येतं.” त्याचा आवाज आता केस सांगणाऱ्याचा राहिला नव्हता. “काकांना नाही.”

मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं. एकदा, मग पुन्हा. “खांबाजवळची ट्यूब,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. “वैदेही, बाहेर थांब. दार लाव.” वैदेही उठली आणि कागद टेबलावर ठेवून बाहेर गेली.

पुढे त्यांनी विचारलं आणि त्याने सांगितलं. काय ठरवलं होतं, कधीचं ठरवलं होतं, तेही सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. दिवस फार लांबचा नव्हता, एवढं पुरे. मॅडम मध्येच म्हणाल्या, “मी त्या ओळीखाली रेघ मारली,” आणि पुढचा प्रश्न खुर्ची त्याच्याजवळ ओढून विचारला.

शेवटी त्या म्हणाल्या, “आज तुला मी सोडणार नाही. वॉर्डात दाखल व्हायचं. पण खऱ्या नावाने, आणि सहीला घरचं माणूस पाहिजे. फाइल माझ्या कपाटात राहील, कुलपात. मेसमध्ये कोणाला कळणार नाही असा शब्द मी देऊ शकत नाही, खोटं बोलेन मी. तुझ्या बाबांना बोलव.”

“मी करतो फोन,” तो म्हणाला. “मीच सांगतो त्यांना.”

आम्ही बाहेर बाकावर आलो. माझ्या नावाचा कागद परत देत मॅडमनी मला दारात थांबवून सांगितलं, “काका, बाबा येईपर्यंत याला नजरेआड करू नका. बाथरूमलासुद्धा.” त्याने माझ्या शेजारी बसून फोन लावला. मी ऐकत होतो.

“बाबा, हॉस्पिटलला या. नाही, मी बरा आहे. लायब्ररीतले काका आहेत ना, म्हातारे, त्यांचं डोकं जरा... डिप्रेशन. दाखल करायचंय. त्यांचं कोणी नाही, सहीला मोठं माणूस पायजे. हो. या लवकर.”

त्याने फोन खिशात टाकला. मी म्हणालो, “संघर्ष.”

“तुम्ही कबूल केलंय काका,” तो म्हणाला. “घरी नाही सांगायचं. ते आले की सही तुमच्या कागदावर करतील. मी मॅडमना सांगेन बाबा येऊन गेले. मला गोळ्या द्या म्हणेन. बस, तेवढं झालं की मी जातो.”

“कुठे?”

त्याने माझी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

पोपटराव अर्ध्या-पाऊण तासात आले. मार्केटातून तसेच आले होते. शर्टाच्या खांद्यावर गोणीची माती, केसांत कांद्याची सुकी पातळ सालं. रुंद माणूस, मान जाड, चाल किंचित एका बाजूला झुकलेली. त्यांनी आधी मुलाच्या पाठीवर हात फिरवला, मग माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“जय भीम काका. काय झालं? असं खचून जाऊ नये.”

मी नमस्कार म्हणालो असेन. नक्की आठवत नाही.

“झोप येऊ लागली का? जेवता का? आवं, एकट्या माणसाचं डोकं असंच करतं. म्या बघितलंय. आमच्या टोळीत एक व्हता, मुकादमाचा भाऊ. हसून खेळून असायचा. कुणाला काही बोलला न्हाई. आमी म्हणलं आळशी झालाय.” त्यांनी माझे हात घट्ट धरले. “बोलला असता तर त्याला खांद्यावर घेऊन आलो असतो इथं. बोलावं माणसानं. कुणापाशी बी बोलावं.”

संघर्ष भिंतीकडे बघत होता.

“आणि घाबरू नका. ह्यो हाय ना,” पोपटराव म्हणाले आणि त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर थाप मारली. “आमचा डॉक्टर. इथं सगळे वळखतेत त्याला. पहिल्या नंबरात हाय. ह्याची माय, सुंदराबाई, रोज सांजच्याला त्याच्या फोटोपुढं दिवा लावती. म्या म्हणतो, आगं, जित्या माणसाच्या फोटोला दिवा लावतेत का? ऐकत न्हाई.” ते हसले. “गोणी जड लागली की म्या ह्यालाच बघतो डोळ्यांपुढं. मग उचलती. तुमच्या मागं उभा ऱ्हाईल बगा ह्यो. कुठं सही करू?”

संघर्षने माझ्या हातातला माझ्या नावाचा कागद घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. “इथे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं.

मी आयुष्यात कोणाचा विश्वास मोडला असेल तर तो बहुधा न बोलल्यामुळे. बोलून मोडायची ती पहिली वेळ.

“पोपटराव,” मी म्हणालो. “पेशंट मी नाही.”

त्यांना कळलं नाही. “आसं नगा म्हणू काका. ह्यात लाज कसली? दुखणंच हाय.”

“दुखणंच आहे. पण मला नाही. याला आहे.”

ते माझ्याकडे बघत राहिले, मग मुलाकडे. तेवढ्यात संघर्ष उठला. घाई न करता उठला, कागद बाकावर ठेवला आणि जिन्याच्या दिशेने चालायला लागला, लेक्चरला निघाल्यासारखा. मला पळता येत नाही. मी ओरडलो असेन, कारण बाकावरची सगळी माणसं आमच्याकडे वळली. “धरा त्याला! पोपटराव, त्याला जाऊ देऊ नका!”

पोपटराव तीन ढांगांत पोचले. त्यांनी त्याचं मनगट धरलं.

“बाबा, सोडा.”

“काय झालं? कुणी मारलं का? नापास झाला का?”

“सोडा हात. लोक बघतायत.”

“बघू दे. नापास झाला का? मग झाला तर झाला, त्याला काय एवढं?”

“बाबा, सोडा म्हणतो ना!” तो ओढू लागला. त्याचा आवाज फाटला. “तुम्हाला काय कळत नाही. तुम्हाला काहीच माहीत नाही. सोडा मला, मला जाऊ द्या, मला नाही राहायचं, किती वेळा सांगू, मला नाही राहायचं!”

जिन्यावर ॲप्रन घातलेली चार-पाच मुलं थांबली होती. त्यांत कुलदीप होता. त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं, मग पाहवेना.

पोपटरावांनी विचारणं सोडून दिलं. दोन्ही हातांनी त्याला आपल्याकडे ओढलं आणि गोणी उतरवताना टेकवतात तसं त्याला हळूहळू जमिनीवर बसवलं, स्वतःही फरशीवर बसले. संघर्ष रडत नव्हता. दात आवळून मनगट सोडवायचा प्रयत्न करत होता आणि त्याचा दम संपत आला होता.

मॅडम दार उघडून आल्या होत्या. त्या त्यांच्या समोर फरशीवरच बसल्या. पोपटरावांना त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. अगदी साध्या शब्दांत, एकही इंग्रजी शब्द न घालता. तुमच्या मुलाला मरावंसं वाटतंय. आजपासून त्याला इथे ठेवून घ्यायचंय. त्यांनी एक कोरा कागद काढला आणि त्यावर संघर्षचं खरं नाव, आडनाव, वय, वर्ष असं सगळं लिहिलं. सगळ्यांसमोर.

“इथे सही लागेल,” त्या म्हणाल्या आणि पेन पुढे केलं.

पोपटरावांनी पेनाकडे पाहिलं. “सही येती मला,” ते म्हणाले. “ह्यानंच शिकवली, सातवीत असताना.” पण उजव्या हातात मुलाचं मनगट होतं. “ह्यो हात मोकळा न्हाई मॅडम. डाव्याचा अंगठा चालंल का?”

“बाबा, पळत नाही मी,” संघर्ष म्हणाला. “करा सही.”

“तू गप ऱ्हा,” पोपटराव म्हणाले. त्यांनी डावा अंगठा पुढे धरला. वैदेही शाईचं पॅड आणायला धावली.